टेबलाच्या पायाचा पाइप

११ ऑक्टोबर, बुधवार
आज दुपारी चार वाजून पंचवीस मिनिटांनी भेटायला आलेल्या आमच्या चिरंजीवांनी ह्यांचा पाइप कचऱ्याच्या गाडीत टाकला. न विचारता. हे आत झोपले होते, मी चहा गाळत होते. "आई, झटका येऊन गेलेल्या माणसाच्या घरात ही वस्तू कशाला?" म्हणे. अरे, त्या पाइपमध्ये नऊ वर्षांत तंबाखूचा कण पडलेला नाही! डॉक्टरांनी सांगितलं त्या दिवशी सोडली ती सोडली. पेपर वाचताना नुसता दातांत धरून बसतात. उजवा हात गेला, बोलणं अडखळायला लागलं, तेवढी एक सवय पूर्वीची उरली होती.

उठल्यावर ह्यांनी खिसे चाचपले. मी सांगितलं. ह्यांनी पेपर उघडला आणि तसाच मिटला. मी मात्र चिरंजीवांना फोन लावून भरपूर बोलले. "त्यांच्या भल्यासाठीच केलं ना?" भल्यासाठी! ह्याला लहानपणी कडू औषध पाजताना मीही असंच म्हणायचे. पण बाटली दाखवून पाजायचे.

१२ ऑक्टोबर
सकाळी हे माळ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "मोडकं टेबल. एक पाय... काढ."
"कशाला?"
"पाइप करतो."
एका हाताने, तोही डावा. जन्मभर विम्याच्या कागदांवर सह्या केलेला माणूस. मी म्हटलं, "तुम्ही आयुष्यात एक खिळा सरळ ठोकलेला नाही."
"खिळा कुठे ठोकायचाय?"

१३ ऑक्टोबर
पाय अक्रोडाचा निघाला, वाळून हाडासारखा झालेला. हे खूश. ओलं लाकूड पुढे तडकतं म्हणतात. मूठभर ठोकळा कापण्यात सकाळ गेली. ठोकळा पकडायला सुताराकडे शिकंजा असतो. आमच्याकडे मी आहे. जेवणाच्या टेबलाच्या कडेला दोन्ही हातांनी दाबून उभी राहते, हे करवत ओढतात. "हलू नकोस." निवृत्त झाल्यावर मला कुणी हुकूम सोडेल असं वाटलं नव्हतं.

१६ ऑक्टोबर
"आधी भोकं, मग आकार," असं ह्यांचं म्हणणं. चौकोनी ठोकळा धरायला सोपा, म्हणून. वरून एक रुंद भोक, तंबाखूचं. बाजूने एक बारीक, धुराचं. बारीक भोक रुंद भोकाच्या अगदी तळाशी जाऊन मिळायला हवं. वर गेलं तर तळात धुराचं पाणी साचतं, खाली गेलं तर ठोकळा वाया. ह्यांनी ठोकळ्याच्या अंगावर दोन्ही भोकं पेन्सिलने आखली आणि त्या रेघेवर डोळा ठेवून डाव्या हाताने गिरमिट फिरवलं. पाव फेरा. थांबायचं. पुन्हा पाव फेरा. घाई नाही, चिडणं नाही. माझाच जीव खालीवर.

शेवटी मी विणकामाची सुई आत घातली. टोक बरोबर तळाला लागून बाहेर आलं! हे फुंकर मारून बघत होते, मी ह्यांच्याकडे बघत होते. एवढी वर्षं संसार केला आणि ह्यांच्यात असलं काही दडलंय याचा मला पत्ता नाही. रागच आला थोडा.

१७ ऑक्टोबर
चहात भुसा. गाळून प्यायले.

२१ ऑक्टोबर
आता आकार. मी ठोकळा मुठीत घट्ट धरते, बाहेर उरेल तेवढ्यावर हे कानस चालवतात. मग मूठ फिरवायची. "कुठे टोचतंय?" विचारतात. मी सांगते, तिथे घासतात. पुन्हा, "आता?" हळूहळू कोपरे जाऊन पोट आलं, मान आली. लाकडाच्या रेघा अशा वळल्यात, जणू कुणी विंचरून ठेवल्यात. उजवा हात सुधारला वगैरे काही नाही, तो मांडीवर पडून असतो. पण ह्यांची मान ताठ झालीये. जेवताना मला दोन टोमणेही मारले.

तेवढ्यात चिरंजीवांचा व्हिडिओ कॉल. कानस दिसली. "बाबांच्या हातात हत्यार? आई, तुला काही कळतं का? पुढच्या रविवारी येतो आणि ती हत्यारं, तो पाइप, सगळं घेऊन जातो." हे कानस खाली ठेवून बसले. दिवसभर पुन्हा उचलली नाही.

२२ ऑक्टोबर
मीच ठोकळा मुठीत घेऊन समोर उभी राहिले. "चला. माझ्याकडे वेळ नाही." उचलली.

२६ ऑक्टोबर, गुरुवार
झाला! पॉलिश पेपरने तीन दिवस घासला. वॉर्निश नाही, तापलं की फोड येतात त्याला. नुसतं तेल. तोंडात धरायला ड्रॉवरमधली एका जुन्या पाइपची काळी नळी बसवली. दुकानात ठेवला तर कुणीही घेईल असा देखणा.

ह्यांनी डाव्या हातात घेतला. फिरवला. पुन्हा फिरवला. बसेना. अंगठा उंचवट्यावर येतोय, बोटं घसरतायत. मग माझ्या हातात दिला, आणि माझं एकेक बोट आपापल्या जागी जाऊन बसलं. टोचत होतं ते मला! मी सांगत गेले, हे घासत गेले, दोघांपैकी एकालाही सुचलं नाही.

"माप," हे म्हणाले, "चुकीच्या माणसाचं घेतलं." आणि ठसका लागेपर्यंत हसले.
"चुकीच्या?"
"बरं. बरोबर."

२७ ऑक्टोबर, शुक्रवार
मी कॉन्व्हेंट शाळेत शिकत असताना आमच्या सिस्टर तोंडी माफी घेत नसत. कागद, समास, तारीख. म्हणून चिरंजीवांना पत्र लिहून, फोटो काढून पाठवलं:

"हा पाइप माझा आहे, माझ्या मुठीच्या मापाचा. मला झटका आलेला नाही. तुझे बाबा मागतील तेव्हा मी त्यांना देईन. आधीचा पाइप त्यांना न विचारता का टाकलास, याचं लेखी उत्तर त्यांच्या नावाने, स्वतःच्या अक्षरात, उद्या शनिवारी संध्याकाळी सहाच्या आत पाठवावं. न आल्यास रविवारी दार मी उघडेन, पाइप दातांत धरून. घेऊन दाखव."