मंगळवारचा डावा हात

आनोमाबू,
मंगळवार, १२ मार्च १९७४, सकाळी आठ

ती. एकुआताईस एबोचा सा. न. वि. वि.

आम्ही खुशाल. आज मंगळवार, समुद्राचा आरामाचा दिवस, त्यामुळे होड्या वाळूत आणि आम्ही कोळी माडांखाली आडवे. फक्त माझा डावा हात पहाटेपासून जड झालाय, कळ जबड्यापर्यंत चढते, घामही सुटतोय. बायको म्हणते, दवाखान्यात चला. मी म्हटलं, भल्या माणसाने डॉक्टरपुढे डावा हात करायचा का? ज्या हाताने आपण कुणाला पेलाभर पाणी देत नाही, त्याचे एवढे लाड कशाला! तू पस्तीस वर्षं नर्स होतीस. हे पत्र घेऊन येणाऱ्या ओसेई ड्रायव्हरबरोबरच एखादं मलम धाड.

तुझा भाऊ,
एबो


केप कोस्ट,
मंगळवार, पावणेनऊ

चि. एबोस आशीर्वाद आणि कानाखाली एक.

मलम कसलं मागतोस, गाढवा? दुखणं रेड्याला आणि औषध पखालीला! आज ना जाळं ओढलंस, ना वल्हं धरलंस. काम न करता हात भरून येतो, कळ जबड्यात जाते, घाम फुटतो, तेव्हा हाताचा दोष नसतो, हृदयाचा असतो. अशा वेळी मिनिटभर थांबायचं नसतं, आणि तू पत्र लिहीत बसलास!

ओसेई गाडी थेट तुझ्या दारात आणेल. आहेस तसा चढ, चांगलं कापड नेसत बसू नकोस. इतर उतारू त्याने उतरवलेत. दोन बायका कोंबड्यांसकट हटून बसल्यात, त्यांच्याबरोबर ये. मी इस्पितळाच्या फाटकात उभी आहे. डॉक्टरला डावाच हात दे, माफी मी मागते.

उत्तर लिहिलंस तर याद राख.

ताई


इस्पितळ, केप कोस्ट,
रविवार, १७ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तू इथल्या नर्सबाईंना काम शिकवायला लागलीस म्हणून त्यांनी तुला फाटकाबाहेर काढलं, तेव्हा लिहिणं भाग आहे. जीव वाचला. डॉक्टर म्हणाले, दुपारच्या जेवणापर्यंत थांबला असतात तर आमच्या हातात काही उरलं नसतं. गाडीत एक कोंबडी माझ्या मांडीवर अंडं घालून मोकळी झाली. तिची मालकीण काल ते मागायला वॉर्डात आली होती.

एक खरं सांगतो. मला मलम नको होतं. पहाटे मी फार घाबरलो होतो, आणि बायकोसमोर तसं म्हणवेना. तुला कळवलं की तू ओरडशील, आणि तू ओरडलीस की मला जावंच लागेल, एवढंच सुचलं.

लोभ आहेच, रागही असाच असू द्यावा.

तुझा,
एबो