डाव्या हाताची कात्री

प्रिय ताई,

परवा फोनवर "बरं, ठेवते आता" म्हणून तू माझं बोलणं अर्ध्यावर तोडलंस, म्हणून हा पत्राचा उद्योग. पत्रही तू अर्ध्यात टाकशील कदाचित, पण ते मला दिसणार नाही एवढंच समाधान. बातमी चांगली आहे, तेव्हा वाच. आमची गोगलगाय पास झाली! शिवणाच्या परीक्षेत दोनदा आपटलेली पोर. या खेपेला आपटली असती तर संस्थेच्या नियमाने तिचं नाव पटावरून गेलं असतं, आणि लॉन्ड्रीत अर्धा दिवस इस्त्री करते ती जन्मभर करत राहिली असती. शिवणाखेरीज दुसरं काही तिला मनापासून हवंसंच वाटत नाही गं. तुला तिची गोष्ट अर्धवटच ठाऊक आहे. मधले महिने तुझ्या दुखण्यात गेले, तेव्हा मी कुठे हे पुराण लावू?

गोगलगाय हे नाव वर्गातल्या बायकांनी ठेवलेलं. मला पसंत नव्हतं, पण ते तिला इतकं चिकटलं की शेवटी तीच त्याला ओ देऊ लागली. तिच्या हातात कात्री आली की कापड कापलं जाण्याऐवजी चावल्यासारखं व्हायचं. आधीच्या बाईंनी तर हिच्या हाताला वळणच नाही असा शेरा मारून तिला माझ्या गळ्यात घातली होती. वाईट एवढंच, की तिला स्वतःलाही ते पटलेलं. कुठलंही काम पुढे ठेवा, सुरुवात "मला नाही जमायचं" अशीच. मी सुरुवातीला कौतुक करून बघितलं. पण उगाच छान छान म्हटलेलं कळतं गं त्यांना, तेवढ्या खुळ्या नसतात पोरी. मग एकदा परकराची खालची दुमड हाताने शिवून आणायला सांगितली. काय सांगू तुला, दृष्ट लागावी असे टाके. फक्त सगळे उलट्या बाजूला झुकलेले. मला वाटलं, आईकडून करून आणलंय. म्हटलं, इथे बसून माझ्यासमोर चार टाके घाल. तिने आधी दार लावलेलं आहे ना ते बघितलं आणि मग सुई डाव्या हातात घेतली. लहानपणी त्या हातावर इतक्या चापट्या बसल्या होत्या, की चारचौघांत तो बाहेर काढायचाच नाही असं तिने ठरवून टाकलेलं. गोगलगाय अन् पोटात पाय म्हणतात ते असं.

मग मी धारवाल्याच्या मागे लागले. आपली नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पात्याआड खडूची रेघ दिसत नाही आणि कापड नुसतं चिमटतं. त्याने कुठून तरी डावखुऱ्यांची कात्री मिळवून दिली. मला वाटलं, आता घोडं गंगेत न्हालं. कुठलं काय! पहिल्या दिवशी तिने पूर्वीपेक्षा वाकडं कापलं. इतकी वर्षं दोन्ही हातांना चुकीची सवय लागलेली, ती कात्री बदलून थोडीच जाते? तिने कात्री टेबलावर ठेवली आणि शांतपणे म्हणाली, "बाई, कात्री बदलली, पण मी तीच आहे." करून दाखवावं तर माझा डावा हात म्हणजे नुसता शोभेचा. तरी घेतली ती कात्री मी डाव्या हातात आणि लावली कापडाला. उंदरांनी कुरतडलं तरी बरं दिसलं असतं. खोटं नाटक नव्हतं हं, मी जीव तोडून कापत होते. ती आधी तोंडावर हात ठेवून बघत राहिली, मग हसू फुटलं तिला, मग राहवेना म्हणून उठून माझ्यासमोर येऊन बसली. माझं मनगट धरून वळवलं आणि म्हणाली, कापड ओढू नका, टेबलावर पडू द्या, कात्रीला पुढे जाऊ द्या. कुणाला काही सांगताना मी तिला पहिल्यांदाच पाहिलं. त्या दिवसापासून वर्ग सुटला की ती मला शिकवायची. मला समजावून सांगण्यासाठी तिला आधी स्वतःच्या हाताकडे नीट बघावं लागायचं, आणि तसं बघता बघता तिचा हात बसला. मी मात्र आहे तिथेच आहे.

परीक्षेत काय झालं ते ऐक. शर्ट बेतून शिवायचा होता. आम्हाला आत सोडत नाहीत, म्हणून मी व्हरांड्यातल्या खिडकीशी उभी. हिने घाईत दोन्ही बाह्या एकाच बाजूच्या कापल्या! कापड एकाच बाजूने छापील, त्यामुळे उलटून लावायचीही सोय नाही. मागच्या वेळी अशीच चूक झाली तेव्हा ती कापड तिथेच टाकून निघून गेली होती. या वेळी बराच वेळ हात मांडीवर ठेवून बसून राहिली. मग उरलेले तुकडे पसरले, चाचपले, आणि एका बाहीला काखेत, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे, जोड देऊन ती नव्याने बेतली. वर स्वतः परीक्षक बाईंना जाऊन सांगितलं की इथे माझी चूक झाली आणि ती मी अशी सुधारली. त्या बाई खाष्ट. त्यांनी बाही उलटी करून चष्म्यातून न्याहाळली. गुण कापले, पण पास केलं. मी बाहेर रडत होते आणि ही येऊन विचारते, बाई, इथे चहा कुठे मिळतो?

आता खरं सांगते, नुसत्या निकालासाठी एवढं लांबड मी लावलं नसतं. भाऊजी म्हणाले, तू शिवणाच्या मशीनवर कापड घालून वर फुलदाणी ठेवलीस. त्या दुखण्यापासून उजव्या हातातून वस्तू पडतात म्हणून भाजी चिरणंसुद्धा सोडलंस, आणि कुणी काही सुचवलं की फोन ठेवतेस. ताई, तुला असं बसलेलं मला बघवत नाही. मला शिवण तू शिकवलंस, पण तुला डाव्या हाताने शिकवणं माझ्या आवाक्यातलं नाही, माझी अक्कल वर वाचलीसच. म्हणून मी तिला विचारलं. वाटलं होतं, तेच जुनं "नाही जमायचं" ऐकायला मिळेल. ती म्हणाली, येते. येत्या रविवारी सकाळी ती तुझ्याकडे येईल, कात्री घेऊन. तू तिची पहिली खरी विद्यार्थिनी, तेव्हा दारातून परत पाठवू नकोस. तिने जाता जाता विचारलं, बाई, तुमच्या ताईंना शिवणातलं थोडंफार काही येतं का? मी म्हटलं, तू आपली पहिल्यापासून सुरू कर.

तुझीच,
डाव्या हाताने अजूनही नापास असलेली
धाकटी