गोळीचा दुसरा हात

४ मार्च, सकाळी ७
आजपासून शिस्त. हृदयाचे ठोके वेडेवाकडे पडतात म्हणून डॉक्टरांनी डिगॉक्सिनची गोळी दिली आहे. गोळी एवढीशी, मुंगीनं उचलून न्यावी अशी, पण नियम ढीगभर. रोज एकच. घेण्याआधी नाडी मोजायची, वेगळ्या वहीत लिहायची. साठच्या खाली असली तर गोळी न घेता फोन करायचा. आणि एखाद्या दिवशी चुकलीच, तर दुसऱ्या दिवशी जोडून घ्यायची नाही.
मी डॉक्टरांना म्हणालो की बत्तीस वर्षं रंगाच्या कारखान्यात शेड तपासतोय, पांढऱ्याच्या एकोणीस छटा नुसत्या डोळ्यांनी ओळखतो, मला मोजमाप शिकवू नका. ते म्हणाले, तरी मोजा.
नाडी ७२.

६ मार्च
नाडी ७२. मोजली नाही. परवा मोजली होती, दोन दिवसांत असा काय फरक पडणार?

९ मार्च
आमची ही दोन दिवस तिच्या बहिणीकडे गेली होती. मागं आठवण करून द्यायला कोणी नाही, त्यामुळे गोळी राहिली. चूक हिची. आज मागच्या दोन आणि आजची एक अशा तीन एकदम घेऊन टाकल्या. हिला बोललो नाही, लगेच डॉक्टरांना फोन लावत बसते.
नाडी ७२.

११ मार्च
कामावर असताना विचार केला. पहिला हात मारला की भिंतीवर जुना डाग दिसतोच. दुसरा हात मारल्याशिवाय रंग झाकत नाही, हे कारखान्यात कोणीही सांगेल. डॉक्टर एकाच हातात काम उरकतात. आजपासून रोज दोन. दुसरी संध्याकाळी, बाथरूममध्ये.

१४ मार्च
शी! चहाला ओल्या फडक्याचा वास. हिला विचारलं तर म्हणाली, नेहमीचाच चहा आहे. अंडं समोर आलं आणि पोटात ढवळलं. दूध तर बघवत नाही. या घरात स्वच्छता म्हणून राहिलेली नाही.
नाडी ७२.

१६ मार्च
कॅन्टीन म्हणजे उकिरडा. मॅनेजरनं अंगाला काहीतरी फासलं होतं, त्याच्याशी तोंड फिरवून बोललो. दिवसभर एक बिस्किट खाल्लं, तेही बाहेर आलं. वजन उतरतंय. गोळी लागू पडली.

१७ मार्च
कारखान्याचा सत्यानाश झाला आहे. आज तपासायला आलेला पांढरा रंग चक्क पिवळा. चार बॅच नापास केल्या. माझ्या हाताखाली चष्मेवाली म्हणून एक नवी मुलगी आहे. ती हळूच म्हणाली की मशीनवर रंग बरोबर येतोय. दोन भिंगांतून बघणारी मला पांढरा शिकवणार! मशीनला डोळे नसतात, असं सुनावलं. पिवळेपणा मारायला चारही बॅचमध्ये निळ्याचा थेंब टाकायला सांगितला. बरं म्हणाली.

१९ मार्च
आणखी सात बॅच नापास. दिव्यांभोवतीही पिवळट कडी दिसतात. दिवेसुद्धा भंगार घेतात हल्ली.
संध्याकाळी जिन्यात बसावं लागलं. हिनं जबरदस्तीनं मनगट धरून घड्याळ लावलं. सेहेचाळीस म्हणाली आणि फोनकडे धावली. मी अडवलं. मोठमोठ्या धावपटूंची नाडी चाळीसच असते, कुठंतरी वाचलंय. मी आतून तरुण होतोय, हे हिला बघवत नाही.
वहीत ७२च लिहिलं. उगाच डॉक्टरांना घोर कशाला?

२१ मार्च, सकाळ
रात्रभर ओकलो. पहाटे हिच्याकडे नीट पाहिलं आणि धस्स झालं. चेहरा पिवळा, हात पिवळे, डोळ्यांतलं पांढरंही पिवळं. हिला कावीळ झाली आहे आणि घरात कोणाला पत्ता नाही! सगळी घाण, सगळा वास यातूनच आला असणार. आता हिला डॉक्टरांकडे नेतो. मला काही होत नाही म्हणाली, पण आली लगेच. जरा जास्तच लगेच.

२१ मार्च, दुपार, हॉस्पिटल
डॉक्टरांनी हिचे डोळे अर्धं मिनिट पाहिले. मग माझं मनगट धरलं ते सोडेनात. अडतीस.
हिनं पर्समधून गोळ्यांची पट्टी आणि माझी नाडीची वही काढली. डॉक्टरांनी पट्टीतली रिकामी घरं मोजली. वहीकडे बघून म्हणाले की रोज न चुकता बहात्तर ठोके तर घड्याळालाही जमत नाहीत. मग हिच्याकडे वळून सांगितलं की या गोळीत पुरेशी आणि जास्तीची यांत फार थोडं अंतर असतं. जास्त झाली की जेवणाची किळस येते, जग पिवळं दिसतं, नाडी मंदावते. आणखी दोन दिवस असेच गेले असते तर काय, ते त्यांनी सांगितलं नाही. ही मात्र रडली.
मला घाबरल्यासारखं झालं. हे इथं लिहितो, बोलणार नाही.

२३ मार्च
गोळी बंद. छातीला तारा. रोज रक्त काढतात. हॉस्पिटलचं सूप म्हणजे भांडी धुतलेलं पाणी, पण अर्धी वाटी गेलं.
एकाच गोष्टीची काळजी आहे. माझ्याशिवाय तिकडं माल अडला असेल. अकरा बॅच माझ्या नावावर नापास पडून आहेत. चष्मेवालीनं निळा टाकला असेल तर सगळा पांढरा वाया गेला, आणि बत्तीस वर्षांचं नावही.

२८ मार्च
मॅनेजर भेटायला आला. मी आधीच कबूल केलं की त्या अकरा बॅच माझी चूक होती, त्या पुन्हा बनवाव्या लागतील, पुढच्या आठवड्यात मी स्वतः येऊन बघतो.
तो म्हणाला, कसल्या बॅच? चष्मेवालीनं पहिल्याच दिवशी त्याच्या कानावर घातलं होतं. निळा कधी टाकलाच नाही. मशीनवर तपासून माल वेळेवर गेला, एकही डबा अडला नाही, कोणाची तक्रार नाही. मला वाईट वाटू नये म्हणून कोणी बोललं नाही. घाई करू नका, सावकाश या, म्हणाला.
मी म्हणालो, बरं झालं.
तो गेल्यावर कूस बदलून भिंतीकडे तोंड केलं. भिंत पांढरी होती. बराच वेळ बघितलं. नाव ठेवायला काही सापडलं नाही.