शोभेच्या झाडांची खरड छाटणी

इंदिरानगर, नाशिक

श्री. सहादूराव यांस,

सप्रेम नमस्कार. निफाडला सगळे सुखरूप असाल आणि यंदा वेलींना काडी चांगली तयार झाली असेल, असे धरून चालतो. माझी प्रकृती बरी आहे. वरणभात जमतो, भाजीचे अजून नक्की नाही.

सुवर्णा गेल्यावर भेटायला पुष्कळ लोक आले आणि पुष्कळ बोलले. तुम्ही तिचे सख्खे भाऊ, पण एप्रिलमध्ये आलात तेव्हा नुसता चहा घेतलात आणि अंगणात जाऊन उभे राहिलात. मीही पाठोपाठ आलो. मग तुम्ही खिशातून कात्री काढलीत. (द्राक्षबागाईतदार सांत्वनालाही कात्री घेऊन येतो, हे मला नवीन होते.) "दाजी, लय माजलंय हे. याला धरतं काय?" मी म्हणालो, काही नाही, पाने बघायची. "नुसती पानं?" तुमचा चेहरा बघून मला कित्येक दिवसांनी हसू आले.

जेवणाच्या वेळेपर्यंत तुम्ही क्रोटन, अ‍ॅकॅलिफा, सगळ्यांची खरड छाटणी करून, एप्रिलात द्राक्षवेलींचे करता तसे, खुंट केलेत. फाटकाजवळच्या कांडोळाची कागदासारखी सुटणारी साल, तिच्याआड कीड लपते म्हणून, खरवडलीत आणि खोडाला कमरेपर्यंत निळे बोर्डो औषध फासलेत. (सुवर्णाने ते झाड त्या सालीसाठीच लावले होते. मी हे सांगायला तोंड उघडले, तोवर तुम्ही पलीकडच्या बाजूला पोचला होतात.) शेजारच्या कमळाबाई मला विचारून गेल्या, "भाऊ, झाड तोडायची खूण केली का हो कुणी?"

पण तुमचा हात काय चालतो! एकाही फांदीपुढे अडला नाही. मी जन्मात इतक्या ठामपणे काही केलेले नाही. आमचे लग्नसुद्धा सुवर्णाने ठरवले. खिडकीखालचा पिवळा क्रोटन तिने शेवटचा लावलेला, म्हणून त्यात जीव अडकला होता. त्याचाही खुंट झाला आणि मी खाली पडलेली पाने गोळा केली.

आता बाग येऊन बघा. अ‍ॅकॅलिफा घासलेल्या तांब्यासारखा चमकतो. कांडोळाचा निळा रंग पावसाने गेला आणि आतून असे गुळगुळीत पांढरे खोड निघाले की येणारेजाणारे हात लावून बघतात. कमळाबाई म्हणतात, "तुमच्या मेव्हण्यांना आमच्या कुंपणाकडे पाठवा," आणि लगेच म्हणतात, "पण जपून म्हणावं हो!"

मुलांना आशीर्वाद.

आपला,
किशोर

ता. क. : खिडकीखालचा क्रोटन फुटला नाही. तुम्ही फोनवर त्याच्या कोंबाबद्दल "डोळा फुगला का?" विचारता आणि मी "बघतो" म्हणतो. बघून झाले. खुंट वाळला आहे. दोष तुमचा नाही. झाड कोवळे होते आणि ऊन फार. सुवर्णाने त्याची काडी तुमच्या विहिरीजवळच्या झाडावरून आणली होती. ते झाड असेल, तर एक काडी घेऊन या.

ता. क. २ : मुक्कामाच्या तयारीने या. काडी मुळे धरेपर्यंत जवळ जाणते माणूस हवे. महिनाभर लागतो म्हणतात. जास्त लागला तरी माझी हरकत नाही.