अजून चार फूट

१० जानेवारी
नदी भागीदारीच्या अध्यक्षपदी आज माझी एकमताने निवड झाली. म्हणजे नाव मी सुचवलं, माझंच, आणि कुणी काही बोललं नाही. दोन्ही काठांचे शेतकरी, दूध संघ, पाणी खातं, सगळे एका टेबलाभोवती. या नदीवर असं पूर्वी कधी झालं नव्हतं. वजनमापे निरीक्षक म्हणून मी आयुष्यभर दुकानदारांचे तराजू तपासले. आता नदी. फरक फार नाही. दोन्हीकडे लोक काटा मारतात.

संकल्प : आवाज चढवायचा नाही. दुसऱ्याचं पूर्ण ऐकून घ्यायचं. रोज सकाळी डोहापर्यंत चालत जायचं.

ह्यांना बातमी सांगितली. पेपरातून मान वर न करता म्हणाले, नदीला विचारलंस का? चाळीस वर्षांच्या संसारात विनोद काही सुधारला नाही.

२१ जानेवारी
पहिली मीटिंग. विषय एकच, डोह. उन्हाळ्यात नदी आटते, डोह आटत नाही. पलीकडच्या काठावर माझ्या धाकट्या बहिणीचा गोठा आहे. नवरा गेल्यापासून तिचं घर गायींवर चालतं, आणि गायी डोहावर. पण गाळ साचून साचून डोह उथळ झाला आहे. गाळ काढायचा, डोह खोल करायचा, पाणी दुप्पट. हिशेब सोपा आहे.

पाणी खात्याने एक भूशास्त्रज्ञ पाठवली होती. पोरगीच. मळके बूट घालून तशीच सभागृहात. म्हणाली, वरचा काळा गाळ जरूर काढा, पण खाली पिवळी चिकणमाती लागेल तिथे थांबा. ते डोहाचं बूड आहे. त्याखाली नुसती वाळू आणि गोटे. बूड फोडलंत तर पाणी ठरणार नाही. मी संकल्पाप्रमाणे पूर्ण ऐकून घेतलं. मग विचारलं, किती फुटांवर लागेल? म्हणाली, आठ-नऊ असेल, नक्की नाही सांगता येणार. नक्की सांगता येत नाही त्याला माप म्हणत नाहीत. शिवाय बी.ए.ला माझा भूगोल होता. तसं तिला सांगितलं. तिने वही मिटली.

शेजारच्या खोऱ्यातल्या भागीदारीने बारा फूट खोदलं आहे. तिथला अध्यक्ष म्हणजे तोच धान्यवाला, ज्याचा तराजू मी एकदा भर बाजारात सील केला होता. यंदाच्या नदी पुरस्काराला आमच्याबरोबर तोही उभा आहे. मी म्हटलं, अजून चार फूट. ठराव सोळा फुटांचा झाला. विरोध शून्य. काही जण खिडकीबाहेर बघत होते, पण ते विचार करत असावेत.

पलीकडच्या काठाची सही बहिणीची. तिने पेन घेतलं आणि धरूनच बसली. म्हणाली, ताई, डोह आहे तो बरा आहे गं, कशाला उकरतेस? मी समजावलं. मग म्हणाली, तू म्हणतेस म्हणून करते, पण माझ्या गायींचं तू बघायचं. मी म्हटलं, बघते. सही झाली. ती लहानपणापासून अशीच आहे, भित्री.

४ फेब्रुवारी
लांब हाताचं पोकलेन आलं. हेल्मेट घालून फोटो काढला. हेल्मेट मला शोभतं, असं ड्रायव्हर म्हणाला नाही, पण त्याच्या चेहऱ्यावर दिसलं.

चालणं अजून सुरू केलेलं नाही. गुडघा. गुरुवारपासून.

१२ फेब्रुवारी, सकाळी ११
बकेटमधून पिवळी माती यायला लागली. लोण्यासारखी. ड्रायव्हरने मशीन थांबवून विचारलं, मॅडम, बंद करू? मी म्हटलं, ठराव फुटांचा आहे, रंगांचा नाही. त्या पोरीचा फोन वाजत होता. मी कामात होते.

माती टाकायची कुठे हा प्रश्न आला. पलीकडच्यांना नको होती, म्हणून नाइलाजाने आमच्या बागेत घेतली. आमची जमीन मुरमाड, झाडांना फायदाच होईल. हे म्हणाले, भागीदारीची माती आपल्या बागेत बरी दिसत नाही. मी म्हटलं, नांगरून टाका, मग दिसणारच नाही.

१७ फेब्रुवारी
सोळा फूट पूर्ण! तळातून गोटेच गोटे आले, धुऊन ठेवल्यासारखे. बहिणीच्या बाजूचा उतार गेला, सरळ भिंत झाली. व्यवस्थित दिसते. पेपरवाला आला होता. त्याला मथळ्यासाठी ‘जलनायिका’ हा शब्द सुचवला. स्पेलिंगची चूक होऊ नये म्हणून कागदावर लिहून दिला.

२३ फेब्रुवारी
बहिणीचा फोन. ताई, पाणी खाली गेलंय. मी म्हटलं, भांडं मोठं झालं की पातळी खाली दिसणारच. म्हणाली, अगं, रोज जातंय. मी म्हटलं, रोज बघतेस म्हणून तसं वाटतं.

५ मार्च
पाणी जमिनीत मुरतं आहे. आणि हेच तर हवं होतं! जगभर लोक पाणी मुरवण्यासाठी धडपडतात. आमचं आपोआप मुरतंय. सदस्यांना तसा मेसेज पाठवला. कुणाचं उत्तर नाही. पटलं असावं.

१४ मार्च
आमच्या विहिरीला पाणी चढलं. मार्च महिन्यात! गेल्या महिन्यात उघड्या असलेल्या चार पायऱ्या आज पाण्याखाली. यशाचा याहून वेगळा पुरावा काय हवा? ह्यांना म्हटलं, बघा. ते बराच वेळ कठड्यावर वाकून बघत राहिले. म्हणाले, बघितलं.

संध्याकाळी बहीण आली. बसली नाही. म्हणाली, डोह कुठे गेला ते कळलं का ताई? तुझ्या विहिरीत. मी शांतपणे सांगितलं की जमिनीखालच्या पाण्यावर कुणा एकाची मालकी नसते. म्हणाली, हो ना? मग ते तुझ्या एकटीच्या विहिरीत कसं? असं आडवं बोलणं तिच्या नवऱ्याकडून आलेलं आहे.

२८ मार्च
डोह कोरडा. शेवटच्या डबक्यात मासे होते. आता वास आहे. सकाळचं चालणं तूर्त स्थगित.

भूशास्त्रज्ञ पोरगी येऊन गेली. काठावर उभी राहिली, खाली उतरली, एक गोटा उचलला, परत ठेवला. म्हणाली, उपाय एकच, ती चिकणमाती परत आणून थराथराने चेपून बसवायची. कुठे ठेवली आहे? मी बाग दाखवली. नांगरलेली, मुरमात मिसळलेली, वर पाणी दिलेलं. मी सांगितलं होतं, असंसुद्धा ती म्हणाली नाही. या पिढीत ठामपणाच नाही.

६ एप्रिल
बहिणीने विचारलं, गायी तुझ्या विहिरीवर आणू का? सकाळ-संध्याकाळ फक्त. मोह झाला, पण नाही म्हटलं. अध्यक्षाने स्वतःच्या सख्ख्या बहिणीला सवलत दिली तर भागीदारीत तोंड कसं दाखवायचं? नोकरीत असताना मी सख्ख्या मामाचा काटा जप्त केला होता. मामा त्यानंतर आमच्याकडे आला नाही, पण तत्त्व राहिलं. तिला सांगितलं, रीतसर अर्ज कर, पुढच्या मीटिंगला घेऊ. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी परक्या भाषेत बोलले.

हे जेवताना म्हणाले, बघते म्हणाली होतीस ना? मी म्हटलं, बघतेच आहे.

१९ एप्रिल
मीटिंग झाली नाही, पुरेसे लोक आले नाहीत. अर्ज पुढे ढकलला.

बहीण म्हणे सायकलला कॅन बांधून गावातल्या नळावरून पाणी आणते. इतक्या गायींना ते कसं पुरणार? नियोजन नाही. दूध निम्म्यावर आलं. वाटेत भेटली तेव्हा हाताला पट्टी होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही, हँडल लागलं. वजन बरंच उतरलंय तिचं. या वयात ते चांगलंच.

२ मे
पुरस्काराचे परीक्षक सहा तारखेला येणार. डोहात पाणी दिसायला हवं. तातडीचा निर्णय (मी एकटीने, पण भागीदारीच्या वतीने) : तळाला ताडपत्र्या अंथरायच्या आणि वर टँकर रिकामे करायचे. टँकर दूध संघाचे. ते आधी बहिणीच्या गोठ्यावर जाणार होते, असं संघाचा मॅनेजर म्हणाला. मी म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे, गायींना सात तारखेला देऊ. म्हणाला, बाई, गायींना तारखा कळत नाहीत. उद्धट माणूस. पण टँकर दिले.

६ मे, दुपारी ४
डोह सुंदर दिसत होता. निळा. ताडपत्रीचा रंग, पण निळा. तिघे परीक्षक, हातात पॅड. मी प्रास्ताविक सुरू केलं.

गायींना पाण्याचा वास लागला. दावी तोडून आल्या, की बहिणीने सोडल्या, माहीत नाही. पलीकडच्या काठावर धावत आल्या. तिकडे पूर्वी उतार होता. पुढच्या थबकल्या. मागच्यांनी रेटलं. तांबडी गाय खाली कोसळली. ताडपत्रीवर तिचे पाय ठरेनात. उठायची आणि पडायची. पुढचा पाय मोडला, तो आवाज इकडच्या काठावर आला.

बहीण वळसा घालून आमच्या बाजूने धावत उतरली. गाय मान टाकून तशीच पडल्या पडल्या पाणी पीत होती. बहीण पाण्यात बसली, तिचं डोकं मांडीवर घेतलं, आणि पी, पी म्हणत राहिली. गुरांचे डॉक्टर आले, बघून त्यांनी मान हलवली आणि इंजेक्शन काढलं. मी प्रेझेंटेशन चालू ठेवलं. कुणीतरी चालू ठेवायलाच हवं होतं. परीक्षकांपैकी एक बाई म्हणाल्या, अहो, थांबा ना. मी शेवटची दोन पानं गाळली.

७ मे
विशेष काही नाही. चपला चिखलाने खराब झाल्या.

ताडपत्रीला भोकं पडली होती. सकाळपर्यंत पाणी गेलं.

८ मे
बहिणीकडे जायचा विचार केला. तिला थोडा वेळ द्यावा असं ठरवलं.

२० मे
पुरस्कार धान्यवाल्याला. त्यांच्या डोहात पाणी आहे. त्याची पिवळी माती म्हणे तेराव्या फुटावर आहे. याला कर्तृत्व म्हणायचं का? अभिनंदनाचा फोन मी करणार नाही. त्याचाच आला. म्हणाला, वाईट वाटलं बाई, मनापासून, गायीचं ऐकलं. मी म्हटलं, राँग नंबर.

दुपारी मीटिंग. आले दोघे. त्यातला एक खुर्च्या परत न्यायला आला होता. मी अहवाल वाचला. भूजलात भरीव वाढ, असं त्यात आहे. ते खोटं नाही, आमची विहीर काठोकाठ आहे. वाचताना दोनदा ओळ चुकली. पंखा जोरात होता.

२६ मे
विचाराअंती माझ्या अधिकारात निर्णय घेतला. आपत्कालीन बाब म्हणून बहिणीच्या गायींना आमच्या विहिरीवर परवानगी. अर्जाची अट शिथिल. विहिरीपाशी हौद बांधायला गवंडी सांगितला. काठ जनावरांच्या उंचीचा हवा, कोपरे गोल हवेत, पुढची जमीन खडबडीत हवी म्हणजे पाय घसरणार नाहीत. सगळं मी उभं राहून करून घेतलं. गवंडी म्हणाला, बाई, माणसांसाठीसुद्धा कुणी एवढं बघत नाही.

ह्यांनी विचारलं, तिला सांगितलंस का? म्हटलं, पूर्ण होऊ दे. अर्धवट काम दाखवायची मला सवय नाही.

३ जून
सकाळी हौद भरायला नळ सोडला. कुठे गळत नाही, दोनदा हात फिरवून पाहिलं. मग पूल ओलांडून बहिणीकडे गेले. काय बोलायचं ते वाटेत ठरवलं होतं. परवानगी आजपासून लागू, वेळ सकाळ-संध्याकाळ, हवं तर दुपारीसुद्धा.

गोठ्यात कुणी नव्हतं. शेण काढून जमीन धुतलेली, दावी एका खुंटीला गुंडाळलेली. बहीण ओट्यावर बसून दुधाचे कॅन घासत होती. विकायचे असतील. मान वर न करता म्हणाली, व्यापाऱ्याची गाडी काल येऊन गेली. सगळ्या गेल्या. एक चढत नव्हती. मीच मागून ढकललं.

मी हौदाचं सांगितलं. काठाची उंची, गोल कोपरे, सगळं. तिचा हात थांबला. म्हणाली, ताई, आता कुणाला पाजतेस? मला?

मी म्हटलं, तसं नाही, सोय कायमची आहे.

बरं, म्हणाली, आणि परत घासायला लागली. बस म्हणाली नाही. थोडा वेळ उभी राहिले, मग आले.

हे हौदापाशी उभे होते. हौद भरून पाणी काठावरून वाहत होतं. विचारलं, नळ बंद करू का? मी म्हटलं, राहू द्या, येतील.

मग म्हटलं, करा.