लाल भाकर

इंझोरी, जून १९७३, मंगळवार

मोत्याच्या तोंडाला फेस आला, मागचे पाय लुळे पडले. ढोरांचे डॉक्टर म्हणाले, "मास्तर, मीठपाणी पाजू नका. कुत्र्यानं काय खाल्लं ते घेऊन या."

अंगणात अर्धी भाकर सापडली. लालसर. बियाण्याला चोळतात त्या विषारी औषधासारखी लाल.

शेजारची शांताबाई म्हणाली, "आमचीच हाय. पेरून उरलेली जवारी तीन पाण्यानं धुतली, मंग जात्यावर दयली. त्यानं अर्धीच खाल्ली, आमी तं सकाळपासून खाऊन राह्यलो."

ती बोलत होती आणि मी तिच्या लेकरांच्या पायांकडे पाहत होतो. धुतल्यावरही भाकरीत उरलेला तो लाल रंग तिला दिसला नसेल?

रस्त्यावरची एक जीप थांबवून त्या सगळ्यांना वाशीमच्या दवाखान्यात धाडलं. लेकरं जीपपर्यंत चालतच गेली. धाकटी दोनदा अडखळली. अंधारामुळे असेल, असं लिहिणार होतो. पण तेव्हा चांगला उजेड होता.