पेटीचा खालचा सूर

बाबा, तुमचं ते इंग्रजी गाणं मला सापडलं. हैदराबादला शिकणारी तुमची नात सुट्टीत आली होती, तिनं मोबाइलवर सहज लावलं आणि मी तव्यावरची पोळी तशीच सोडून बाहेर धावले. इचोड्याच्या दुकानातून तुम्ही भीमगीतं भरून आणली होती, त्या कॅसेटच्या शेवटी दुकानदाराकडून पुसायचं राहिलेलं ते गाणं. रंगात येतं न येतं तोच टेप संपायची. तुम्ही पुन्हा मागं घ्यायचात. आई वैतागायची, "काऊन तेच तेच लावून राह्यले? एक अक्षर तरी समजते का तुमाले?" तुम्ही म्हणायचात, "शब्द कोन ऐकते? मानूस वर गाते अन् पेटी खाली उतरते, ते ऐक."

पेटीचा भाता हलवण्यात डावा हात अडकतो, वाजवायला उरतो एकटा उजवा. तुम्हाला दोन्ही हवे होते. म्हणून, मला अजून दिसतं, भाकरी झाल्यावर आई समोर बसून भाता हलवते आहे, बांगड्यांना पीठ लागलेलं आहे, आणि चुलीपाशी तुम्ही वाजवताय. उजव्या हातानं एकच सूर धरून ठेवलाय, डावा सावकाश खाली चाललाय, सा, नी, ध, प. वरचा सूर जागचा हलत नाही, तरी खालची पायरी बदलली की तोच सूर आधी प्रसन्न आणि मग एकदम कासावीस वाटतो. मला तेव्हा काही कळायचं नाही, फक्त रडू यायचं आणि अभ्यास राहायचा.

मग त्या जयंतीला तुम्ही हे थेट विहारापुढच्या स्टेजवर नेलंत. धाडसच म्हणायचं. आपल्या गायन पार्टीत गाणार तुमचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, आणि पेटीनं गळ्याचा पदर धरून मागं मागं चालायचं ही रीत. तुम्ही आईलाही भाता हलवायला स्टेजवर बसवलंत. भीमगीताच्या दुसऱ्या कडव्याला तुमचा डावा हात खाली उतरू लागला, मोठेबाबांचा गळा चाचपडला आणि ते गाणं थांबवून माइकवरच म्हणाले, "बेसूर झाला का रे? पेटी माह्या मागं आली पाह्यजे." लोक हसले. तुम्ही पेटी मिटलीत ती मिटलीच. गावानं तुम्हाला बेसूर मास्तर करून टाकलं, आणि तुम्ही गेल्यावर मौतीला आलेल्या माणसांतही तो शब्द मी ऐकला. बाबा, मला फार राग आला होता. अजून आहे.

नातीनं त्या गाण्याची कुळकथा वाचून दाखवली. गाणारी पोरं गिटारवाली, पण मागं चर्चमध्ये वाजते तसली मोठी पेटी, ऑर्गन, आणि तिच्यात फार जुन्या वादनाचं वळण. पेटी वाजवणाऱ्याचं नाव गाण्याच्या कर्त्यांत यायलाही बरीच वर्षं जावी लागली म्हणे. हे ऐकून मी पोरीसमोरच रडले. तुमच्यासारखा माणूस तिकडंही होता तर!

मोबाइलवरच्या त्या गाण्यावरून मी तुमच्या पेटीवर बोटं बसवली आणि यंदा जयंतीला ती घेऊन बसले. मला एवढंच हवं होतं, की मोठेबाबांनी तो शब्द परत घ्यावा. ते आता थकलेत, पण वर्षातून एकदा त्यांना गायला बसवतातच. मी आईला नुसतं विचारलं, तर ती पदर खोचून भात्यापाशी येऊन बसलीसुद्धा. तेच भीमगीत, तेच दुसरं कडवं. माझा डावा हात उतरू लागला आणि मोठेबाबा थांबले. तसेच थांबले, बाबा. आई मात्र भाता हलवतच राहिली. ते माझ्याकडे वळले आणि हळूच म्हणाले, "पोरी, त्या टायमाले मी पुढचं ऐकलंच नाई. थांबू नको."

त्यांनी कडवं पुन्हा उचललं. मी उतरत गेले, शेवटी एका सुरावर टेकले, आणि मोठेबाबांनी डोळे मिटून तो सूर लांबवला. मग माइकवर, सगळ्यांच्या देखत, "बेसूर नोता माहा भाऊ. मीच घाई केली." आईनं भात्यावरचा हात काढून तोंडावर पदर घेतला.

हे तुम्हाला सांगायचं होतं, आणि पाठवायचं कुठं हा प्रश्नच नाही. पण एक राहिलं. तुमची टेप मध्येच संपायची, स्टेजवर तुम्हाला मध्येच थांबवलं, आणि मला सापडलेलं पूर्ण गाणंही शेवटी नुसतं विरत जातं, कुठं टेकतच नाही. तुम्ही शेवटी कुठं टेकायचात असं आईला विचारलं तर म्हणाली, "रोज येगळंच वाजवत होते." मोठेबाबा डोळे मिटून ज्याच्यावर थांबले तो शेवटचा सूर तुमचा नव्हता, बाबा. माझा होता. मी तो तुमच्याच नावावर राहू दिला.